जोडवर्गातला एक तास

श्रीमती शकुंतलाबाई नेर्लेकर यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, असे गौरवसमितीने कळवले तेव्हा माझ्या तोंडून "साठच?" असे निघून गेले. त्यात अनादर मुळीच नव्हता. मंगळवार पेठेत अशी घरे आहेत की जिथली आई, धाकटी मावशी आणि लेक अशा तिघीही बाईंच्या हाताखालून गेल्या आहेत. त्या घरांतल्या लहानग्यांना बाई पहिल्यापासूनच इथे होत्या असे वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत आले आहे. बाई आमच्या मुख्याध्यापिका होत्या, पण त्या भारदस्त नावाने त्यांना कोणी कधी हाक मारली नाही. पोरांच्या, शिपायाच्या आणि आम्हा शिक्षकांच्याही तोंडी त्या 'मोठ्या बाई'च राहिल्या.

बाईंची आणि माझी पहिली भेट शाळेच्या दारातच झाली. मी कुरुंदवाडची. नेमणुकीचा कागद आणि पत्र्याची ट्रंक घेऊन एस.टी.ने आले होते. बाई तेव्हा तिसरीच्या वर्गावर होत्या. कागदाकडे त्यांनी ओझरते पाहिले आणि म्हणाल्या, "ट्रंक कोपऱ्यात ठेवा आणि बसा." मी खुर्ची शोधू लागले. "तिथं नव्हे. पोरींच्यात बसा की." नव्या साडीनिशी मी दोन मुलींच्या मधे बसकरपट्टीवर बसले. त्या दोघी तोंडावर हात ठेवून हसत होत्या. तास संपल्यावर बाईंनी विचारले, "काय दिसलं?" प्रशिक्षणाचा ताजा गुण अंगात असल्याने मी त्यांच्या अध्यापनपद्धतीवर छोटेसे भाषणच सुरू केले. "ते राहू दे. फळा दिसला का?" मी चाचरत म्हणाले, "डावी बाजू नाही दिसली. तुम्ही आड येत होता." बाई मुद्दामच तिथे उभ्या राहिल्या होत्या. "झालं तर मग. उद्या कुठं उभं राहायचं नाही ते तुम्हाला कळलं," म्हणाल्या आणि घंटा द्यायला निघून गेल्या.

ही बाईंची रीतच होती. पालक तक्रार घेऊन आला, साहेब तपासणीला आले, कोणीही आले तरी बाई वाद घालत नसत. "बसा थोडा वेळ," एवढेच म्हणत आणि त्याला वर्गात पट्टीवर बसवत. त्या स्वतःही याला अपवाद नव्हत्या. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी बाई पहिलीच्या वर्गात पट्टीवर, भिंतीकडेला बसून असत. भोवती रडारड चाललेली असे. बाई कोणाचे डोळे पुसत नसत की खाऊचे आमिष दाखवत नसत. मधल्या सुट्टीपर्यंत नुसत्या बसत, आणि तोवर निम्मी पोरे त्यांच्या पदराला चिकटलेली असत.

माझा स्वभाव तिखट आणि आवाज त्याहून तिखट. पहिल्याच वर्षी माझा घसा पार बसला. तेव्हा बाईंनी मला आपल्या दोन खोल्यांच्या घरी नेले, काढा पाजला आणि सांगितले, "तुम्ही ओरडता म्हणून पोरं ओरडतात. बारीक बोला. ऐकायचं म्हणून गप्प बसतील." खोली मिळेपर्यंत इथेच राहा, असेही म्हणाल्या. मी चांगली काही वर्षे राहिले, कारण खोली शोधायला त्या मला सवडच देत नसत. बाईंची आमटी फार पातळ असे, हे गौरवग्रंथात लिहू नये असे समितीचे म्हणणे पडले. पण ती आमटी मी इतकी वर्षे प्यायले आहे की तेवढा अधिकार मला आहे.

मग सत्तरच्या दशकातले ते वर्ष उजाडले. आमच्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या तिजोरीत खडखडाट होता. खर्च आवरायचा म्हणून दोन गोष्टींचा एकच ठराव पुढे आला. शिक्षकांची वार्षिक वेतनवाढ गोठवायची, आणि तिसरी व चौथीचे वर्ग जोडून एकाच शिक्षकाकडे द्यायचे. त्यातून जे शिक्षक शिल्लक उरतील त्यांतल्या नव्यांना घरी पाठवायचे. आमच्या शाळेत सर्वांत नवी मीच होते, आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडे होता.

गंमत अशी की त्याच आठवड्यात मंडळाने आमचा नारळ-गुलाब देऊन सत्कार केला. व्यासपीठावरून ज्ञानदानाच्या पवित्र कार्याचा फार गौरव झाला. उत्तर द्यायला मोठ्या बाईंना उभे केले. बाई म्हणाल्या, "दान म्हणू नका. मी काम करते आणि त्याचा पगार घेते. तो वाढावा असंही मला वाटतं. यात लाजण्यासारखं काय आहे?" मागच्या रांगेतून एकटीनेच टाळ्या वाजवणारी कोण होती, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

नोकरी जाणार ही बातमी कुरुंदवाडला पोचायला वेळ लागला नाही. माझे वडील, आबा, तडक आले. "काढूनच टाकणार हाईत तर वाट कशाला बघायची? चल, ट्रंक भर." घरी गेले की पुढे काय, हे मला पक्के ठाऊक होते. लग्न होणार, आणि खडू पुन्हा हातात येणार नाही. बाईंनी आबांपुढे चहा ठेवला. "मंडळाची सभा होऊ द्या, आबा. तोवर ही तिसरीची बाई आहे." आबांनी विचारले, "आन सभंत काय न्हाई झालं तर?" बाई म्हणाल्या, "तर ट्रंक मी स्वतः स्टँडवर आणून देते." एवढ्यावर आबांनी चहाची बशी तोंडाला लावली.

सभेच्या काही दिवस आधी मंडळाकडून एक निरोप आला. जोडवर्गाला शिक्षकांनी खळखळ न करता मान तुकवली तर वेतनवाढीचा विचार होईल, असा त्याचा अर्थ होता. आमच्या शाळेच्या व्हरांड्यात शिक्षकांची बैठक बसली. बरेच चेहरे खुलले. त्यांना मी दोष देत नाही. प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडे होती. या वाढीचा सर्वांत मोठा लाभ खुद्द बाईंना होता, कारण निवृत्ती फार लांब नव्हती आणि पेन्शन शेवटच्या पगारावर ठरणार होते. बाई म्हणाल्या, "वाढ मला हवीच आहे. पण तिसरीच्या पोरांची बाई काढून तो पैसा माझ्या पगारात घालणार असतील, तर तो घास माझ्या घशाखाली उतरायचा नाही." एक गुरुजी उसळून म्हणाले, "मग आम्ही काय खायचं, बाई?" त्यावर बाईंनी उपदेश केला नाही. "याचं उत्तर आज माझ्याजवळ नाही. सभेपर्यंत मला वेळ द्या," असे सरळ सांगितले.

मी मोर्चाच्या बाजूची होते. घोषणाही रचून ठेवल्या होत्या. बाई म्हणाल्या, "घोषणा हाताशी असू द्या. आधी चौगुल्यांना बोलावूया."

आण्णा चौगुले म्हणजे ठराव मांडणारे सदस्य. पेठेतलेच, एकेकाळचे पैलवान आणि आता गुळाचे अडते. आवाज असा की सौद्याला उभे राहिले तर पलीकडच्या गल्लीतला माणूस वळून बघावा. बाई त्यांना म्हणाल्या, "आण्णा, जोडवर्ग कसा चालवायचा तेवढं आम्हाला दाखवून द्या. एकच तास." आण्णा खदखदा हसले. "अवो, सगळा बाजार एका आवाजात सांभाळतो मी. ही पोरं ती काय!"

तिसरी आणि चौथी एका खोलीत बसवली. बाई आणि मी मागच्या पट्टीवर बसलो. आण्णांनी पटका सावरला आणि गुळाचा सौदा करावा तसा वर्ग सुरू केला. प्रश्न फेकायचा, आणि जो मोठ्याने ओरडेल त्याचे उत्तर उचलायचे. ओरडणारी सगळी चौथीची. तिसरीतली पोरे पहिल्यांदा बुजली, मग आपसात चिमटे काढू लागली. भिंतीकडेला तिसरीतली एक मुलगी मात्र हात वर करून बसली होती. हात दुखू लागला तशी दुसऱ्या हाताने कोपराला टेकू दिला, पण खाली घेतला नाही. आण्णांची नजर तिकडे गेलीच नाही. घंटा झाली तेव्हा तिने हात खाली घेतला.

आण्णा घामाने निथळत होते आणि घसा घोगरा झाला होता, पण खूश होते. "झालं की! चालतंय की जोडवर्ग!" बाई म्हणाल्या, "बसा थोडा वेळ, आण्णा." आणि त्यांना त्या मुलीशेजारी पट्टीवर बसवले. "हिला काहीतरी विचारायचं होतं."

"काय गं इचारायचं हुतं?"

"बेरजंत हातचा कुठं धरायचा, त्ये."

"मग इचारलं का न्हाईस?"

"हात वर केला हुता की!"

आण्णांनी पटका काढून बाजूला ठेवला. मग त्या घोगऱ्या आवाजात हळूच म्हणाले, "मला दिसलीच न्हाईस की गं, पोरी." त्यांनी तिची पाटी मांडीवर घेतली आणि हातचा समजावू लागले. पुढच्या तासाची घंटा होऊन गेली तरी बाईंनी त्यांना उठवले नाही. मागच्या पट्टीवर मी डोळ्याला पदर लावून बसले होते.

सभेच्या दिवशी आम्ही सगळे शिक्षक मागे दाटीवाटीने उभे होतो. आण्णा उठले. "ठराव माझाच हाय, आन मीच मागं घेतो. एक तास बोललो तर घसा बसला माझा. ही मान्सं वरीसभर बोलत्यात, आन आपुन त्यांची वाढ गोठवायची व्हय? पैसं न्हाईत म्हंता, तर सत्काराचं हार-नारळ आदी बंद करूया. पर जोडवर्गाला माझा हात वर व्हायचा न्हाय. एका पोरीचा हात मला दिसला न्हाय, त्ये बास झालं." बराच खल झाला. पैशांची अडचण सांगणारे सदस्य काही खोटे बोलत नव्हते. अखेर दोन्ही गोष्टींवर वेगवेगळे मत घेतले, आणि जोडवर्ग साफ फेटाळला गेला. वेतनवाढ मात्र त्या वर्षापुरती गोठलेलीच राहिली.

मी बाहेर येऊन तणतणले. बाई म्हणाल्या, "पोरांची बाई राहिली ना? वाढीसाठी पुन्हा भांडू. भांडायला आपण आहोत की." आणि त्या खरोखरच भांडल्या. "आम्ही काय खायचं" असे विचारणाऱ्या गुरुजींना शेजारी घेऊन त्या मंडळाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. पुढच्या वर्षी वाढ सुटली, राहिलेली रक्कमही मिळाली, आणि गुरुजींना त्यांचे उत्तर मिळाले. आज ते याच गौरवसमितीचे सर्वांत उत्साही सभासद आहेत.

सभेहून घरी आलो तेव्हा कुरुंदवाडहून पुन्हा आलेले आबा माझी भरलेली ट्रंक घेऊन ओसरीत बसले होते. बाईंनी निकाल सांगितला. आबा उठले, ट्रंक उचलली आणि परत आत नेऊन ठेवली. "जड हाय की गं," एवढेच म्हणाले. त्यांना झालेला आनंद त्यांच्या पाठीवरूनसुद्धा मला दिसत होता.

हात वर करणारी ती मुलगी आता पेठ वडगावला दिली आहे. तिथे किराणा दुकान सांभाळते आणि हातचा कधी विसरत नाही, असे तिची आई सांगते. आमच्या शाळेत तिसरीची बाई वेगळी आणि चौथीची वेगळी, हे आजही तसेच आहे. मोठ्या बाई निवृत्त झाल्या तरी जूनचा पहिला दिवस त्यांनी सोडलेला नाही. यंदा गुडघे कुरकुर करत होते म्हणून आम्ही खुर्ची पुढे केली. बाईंनी ती माझ्याकडे सरकवली, भिंतीला हात टेकला आणि सावकाश पट्टीवर बसल्या. शेजारी एक पोरगा टाहो फोडत होता. मधल्या सुट्टीपर्यंत तो बाईंच्या मांडीवर डोके ठेवून झोपला होता.

बाई, गुडघ्यांना तेल लावा, औषध चुकवू नका, आणि आता तरी आमटीत थोडी डाळ वाढवा. पहिलीच्या पट्टीवरची भिंतीकडची जागा आम्ही पुढच्या जूनला मोकळी ठेवणार आहोत, त्याच्या पुढच्या जूनलाही आणि त्यानंतरच्या प्रत्येक जूनला. रडणारी पोरे येतच राहणार. तुम्ही या आणि आमच्यात बसा थोडा वेळ. थोडा म्हणजे निदान शंभरीपर्यंत.