वहिनींनी धरलेलं मनगट

“अजून एकदा हात फिरवतो,” हे चुळबुळेचं पालुपद. जेवायला हाक मारा, गिऱ्हाईक दारात ताटकळू द्या, उत्तर तेच. जगाच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दुकानाची पाटी शेवटपर्यंत अर्धीच राहिली.

पाट्यांवरून तो नाटकाच्या पडद्यांकडे वळला. एकदा तर प्रयोग सुरू झाला तेव्हा रंगवलेल्या झाडाखाली हाच ब्रश घेऊन उभा! पुढे तो मातीचे पुतळे करू लागला आणि थांबायचं कारणच संपलं. रंग वाळतो, माती ओल्या फडक्याखाली मऊच राहते. छान उतरलेले चेहरे तो घासून घासून परके करी.

मग थोरला भाऊ गेला. बापाच्या मागे या भावानेच चुळबुळेला वाढवलं होतं, रंगाचा पहिला डबाही त्यानेच आणून दिला होता. चुळबुळेने भावाचा चेहरा मातीत घडवायला घेतला. वहिनी दुपारी येऊन बसत. एका दुपारी त्या उठून उभ्याच राहिल्या. “हेच!” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर ओठ सारखे झालेले, गाल गुळगुळीत.

“भावजी, काल इथे होते ते. आज कुठे घालवलेत?”

त्याने पुन्हा माती हातात घेतली. रागावण्याआधी भावाचा ओठ डावीकडे किंचित ओढला जाई. ते कुठल्याच फोटोत नव्हतं. तो थापी, खरवडी, पुन्हा थापी. अन्न गोड लागेना, झोप लागेना. आणि एका दुपारी तो ओठ परत आला.

“थांबा!” वहिनी म्हणाल्या.

“डावा कान जरा...”

“कानाचं राहू द्या. त्या कानाने जन्मात कुणाचं ऐकलं नाही.”

तो हसला, पण कोरणी पुढे सरकलीच. वहिनींनी मनगट धरलं.

“पहिल्यांदा गेले ते कुणाच्या हातात नव्हतं. दुसऱ्यांदा तुम्ही घालवलंत. आता नाही.”

साचेवाल्याला बोलावणं गेलं. तो बादलीत प्लास्टर कालवू लागला. एकदा ते चेहऱ्यावर बसलं की खालच्या मातीला हात लागणार नव्हता. चुळबुळे दारापासून टेबलापर्यंत येरझाऱ्या घालू लागला, बोटं शिवशिवत होती.

“मी इथे थांबलो तर हात जाईल, वहिनी.”

कोरणी त्यांच्याकडे देऊन तो अनवाणीच निघाला. शिंप्याच्या दुकानावरून, मुठी आवळून, भराभरा. कोपऱ्यावर थबकला, अर्धा वळला. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी नुसती ‘नाही’ अशी मान हलवली.

मग तो गेला. गल्ली रिकामी झाली तरी त्या तिकडेच बघत होत्या.