पाच दिवस पाणी नाही

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आमच्या गंगापूर रोडवरच्या शोरूममध्ये काचांना पारदर्शक फिल्म लावायला नांदगावकडचा एक माणूस यायचा. काच फुटली तरी तुकडे उडू नयेत, म्हणून ती फिल्म. साबणपाणी फवारून रबरी पट्टीने तो एकेक बुडबुडा कडेला ढकलायचा आणि निघताना दर वेळी मला बजावायचा, "साहेब, हळद लागलेली नवरी हाय ही. पाच दिवस पाणी नाय, हात नाय."

एकदा मालक येणार म्हणून मी दुसऱ्याच दिवशी काचा धुवून घेतल्या. फिल्म कडांना सुटली. मालकांनी त्याला बोलावून सगळ्यांसमोर झापलं, "काम येत नाही तर घेतोस कशाला?"

त्याने कडेवरून बोट फिरवलं, हुंगलं. फिनाईलचा वास होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"माझाच हात चुकला, शेठ," तो म्हणाला.

माझी नोकरी राहिली. मालकांनी ओळखीच्या दुकानदारांना सांगितलं, आणि त्याचं काम बंद झालं. आता तो द्वारका चौकाजवळ गाड्या धुतो. मी दिसलो की विचारतो, "साहेब, बरं हाय ना?"

'काचा मी धुवायला लावल्या' हे मालकांसमोर बोलणं मी त्याला अजून देणं लागतो.