पोळ्यात जोडी मी धरली

दुष्काळ सरून ज्वारी पुन्हा डोक्याच्या वर गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. आमचं गाव रिसोडच्या अंगाला, आणि वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. बाप जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात आई आणि मी, गोठ्यात एक जोडी आणि नाल्याच्या काठाला आमचं वावर. भाऊ नाही. सालदार ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून कोळपणीला डवरा मीच धरायची. मला कुणी अडवलं नाही. बाई वावरात काय काय करते ते गावाला दिसत नाही, आणि दिसलं तरी गाव डोळ्यांवर कातडं ओढून घेतं.

पोळ्याचं तसं नव्हतं. पोळा भरतो गावाशेजारच्या मोकळ्या आखरावर, सगळ्यांच्या देखत. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली घराघराच्या जोड्या उभ्या राहतात आणि कासरा धरून त्या घरचा गडी. बाया घरी पुरण वाटतात आणि बैल दारात आले की ओवाळतात. बाप गेल्यापासून आमची जोडी काका न्यायचे.

आदल्या संध्याकाळी आई आणि मी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होतो. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं आई त्यांना सांगत होती, तेवढ्यात काका गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले.

"औंदा जोडी मी नेत नाही," ते म्हणाले. "वावर माह्याकडं वाहाले दे, पोरीले उजवून टाक. मंग नेतो."

"अन् नाही देलं त?"

"त राहू दे बैलं गोठ्यात. गावाले समजन, या घरात गडी नाही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर चीड यायची गोष्ट. ज्या घरची जोडी तोरणाखाली दिसली नाही, ते घर उघडं पडलं. मग चार शहाणी माणसं ओसरीवर येऊन बसणार, वावर काकांकडे जाणार, आणि येत्या उन्हाळ्यात मी कुठल्या तरी अनोळखी घरात भाकरी थापत असणार. आणि हे सगळं आमच्याच भल्यासाठी.

आईनं खांदे चोळून पुरे केले. दुसऱ्या दिवशी तिनं शिंगं रंगवली, झुली घातल्या, गोंडे बांधले. आखराकडून डफड्याचा आवाज यायला लागला तसा तिनं कासरा माझ्या हातात दिला.

"जाय. कोनी हाकललं त वापस ये. पन मले हे डफडं गोठ्यात बसून आयकवत नाही."

मी गेले. आखरावर पोचले तशी माणसं वळून पाहायला लागली. काका पुढच्या रांगेत होते, त्यांनी मान फिरवून घेतली. गावात ज्यांचा शब्द चालायचा ते म्हातारे पाटील काठी टेकत माझ्याजवळ आले.

"जोडी कोनाची?"

"आमची."

"अन् गडी कुठी हाय तुमचा?"

"मीच हाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि एकदम खो खो हसले. "हे पोरगी कायची? गडी हाय गडी! जागा द्या त्याले!" सगळं आखर हसलं. शेजारच्या जोडीवाल्यानं आपली टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली, म्हणाला, "आता शोभते." रांग सरकली आणि आमचे बैल तोरणाखाली उभे राहिले. पोळा फुटून बैल गावात निघाल्यावर दारोदार बायांनी त्यांचे पाय धुतले, आणि माझ्याकडे पाहून पदराआड हसल्या. काकांनी त्यानंतर वावराचा विषय काढला नाही. त्या संध्याकाळी आईनं मला आधी वाढलं, बापाला वाढायची तसं, आणि माझी छाती फुगली. खोटं कशाला बोलू!

मग गावभर मी गडी झाले. पारावरून हाक यायची, "काय गडी, तूर कशी हाय?" मीही तोऱ्यात उत्तर द्यायची.

भादव्यातल्या पौर्णिमेला भुलाबाई बसल्या. आमच्याकडे महिनाभर पोरी संध्याकाळी घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेल्या डब्यात खाऊ आणते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. एवढाच खेळ, पण वर्षभर आम्ही त्याची वाट पाहायचो. मी वावरातून आले, हातपाय धुतले, धुतलेलं परकर-पोलकं घातलं, वेणी घातली आणि शेजारच्या मैत्रिणीकडे गेले. आम्ही दोघी लहानपणापासून एकाच टिपरीच्या ठेक्यावर गायलेल्या.

ओसरीवर तिचे वडील आणि दोघं-तिघं बसले होते. "या गडी," त्यांनी सरकून सतरंजीवर जागा केली. "बसा. पान्यापावसाचं काय म्हनते तुमच्याकडं?"

मी आत पाहिलं. माजघरात पोरी दाटीवाटीनं बसल्या होत्या. मैत्रिणीनं मला पाहिलं, तोंडाला हात लावला आणि बाजूच्या पोरीच्या कानात काही सांगितलं. दोघी हसल्या. ते हसणं वाईट नव्हतं. शेजारणीनं आईला मारलेली हाक जशी आपल्यासाठी नसते तसं ते माझ्यासाठी नव्हतं, इतकंच. मला तिथं जायचं होतं. पण "मी आत बसते" एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर वावर पुन्हा कुणाचं, हा प्रश्नही निघाला असता, असं मला वाटलं. मी सतरंजीवर बसले.

आत गाणी सुरू झाली. मला सगळी पाठ होती. तुरीवरच्या अळीबद्दल कुणीतरी विचारलं, मी सांगितलं. मग आत डबा वाजला आणि पोरींचा गलका झाला, "लाडू! करंज्या! नाही, नाही, शेव!"

मैत्रिणीची आई बाहेर आली. तिच्या हातात बशा होत्या. एक तिनं नवऱ्यापुढे ठेवली, दोन पाहुण्यांपुढे आणि एक माझ्यापुढे. बशीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ होती, वर खोबऱ्याचा कीस. बशीवर झाकण नव्हतं.

आत पोरी अजून ओळखत होत्या.