मीठ न घातलेला बर्फ

दानीएलचं अर्धं आयुष्य एसटीत गेलं, असं त्याची बायको दया म्हणायची, आणि ते फारसं खोटं नव्हतं. नगरच्या एका मिशन दवाखान्यात तो अटेंडंट होता. जे रक्त तिथं तपासता येत नसे, ते पुण्याला पोचवायचं काम त्याचं. नळ्या पत्र्याच्या डबीत, डबी मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये, भोवती बर्फ, आणि थर्मास मांडीवर घेऊन दानीएल ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर. शेजारचा माणूस सुप्यापर्यंत कसाबसा गप्प बसायचा. मग विचारायचाच.

"खरवस हाय का, पाव्हणं?"

"हाय," दानीएल म्हणायचा. एड्सच्या रोग्याचं रक्त आहे म्हटलं असतं, तर अख्खी गाडी सुप्यालाच रिकामी झाली असती. रविवारी चर्चमध्ये तो या खोट्याची माफी मागायचा, आणि सोमवारी पुन्हा खरवस.

१९९९ च्या मे महिन्यात थर्मासमध्ये सतरा नंबरची नळी होती. नळीवर नाव घालायची रीत नव्हती, पण सतरा नंबर म्हणजे श्रीमंत नावाचा रोगी, हे दानीएलला ठाऊक होतं. श्रीमंत देवळाली प्रवऱ्याचा. लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. त्याला एचआयव्ही होता, आणि त्यात भर म्हणून जबड्याखाली पेरूएवढी गाठ आली होती. गाठींचा कॅन्सर. गाल फुगवायला गेला की डोळ्यांतून पाणी यायचं. सलाइनमधून द्यायच्या औषधाचे सहा डोस ठरले होते, त्यातले दोन झाले होते. एचआयव्हीच्या गोळ्यांना तीन महिने होत आले होते.

हेलन डॉक्टर त्याला समजावून सांगत होत्या, तेव्हा दानीएल तिथंच उभा होता. "रक्तात विषाणू किती आहे ते आता मोजता येतं, श्रीमंत. गोळ्यांनी तो खाली आला असेल, तर अंगात पुढचे डोस सोसायची ताकद राहील, आणि गाठ बरी व्हायची आशा जास्त. नसेल आला, तर पुढचे डोस द्यायला माझं मन धजणार नाही."

"खाली आलाच आसंल, बाई," श्रीमंत म्हणाला. "म्या एक गोळी चुकवली न्हाई."

बर्फ दानीएल नेहमी माळीवाडा स्टँडवर कानिफनाथ कुल्फीवाल्याकडून घ्यायचा. त्या दिवशी ऊन असं होतं की डांबराला चप्पल चिकटत होती. कानिफनाथनं थर्मास गच्च भरला, वर झाकण लावलं, आणि म्हणाला, "जा बिनघोर. आज पार पुण्यापातूर गार ऱ्हाईल."

राहिलंच. पुण्याच्या लॅबमधल्या प्रज्ञानं नळी बाहेर काढली तर ती दगडासारखी गोठलेली. थोड्या वेळानं ती वितळली आणि आत नुसतं लाल पाणी दिसायला लागलं.

"मामा, रक्त फुटलं हे. यावर तपासणी होणार नाही. बर्फात मीठ होतं का?"

दानीएलनं थर्मासमधल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. कानिफनाथनं मूठभर खडेमीठ घातलं होतं. कुल्फी जमवायला घालतात तसं, मायेनं.

परतीच्या गाडीत कुणी खरवसाचं विचारलं नाही, ते बरं झालं. वॉर्डात जाऊन त्यानं श्रीमंतला सगळं खरं सांगितलं. मान खालीच होती.

श्रीमंत असा हसला, की नर्स धावत आली.

"म्हंजी माझ्या रक्ताची कुल्फी झाली म्हना की, मामा."

"हसू नको. परत सुई टोचावी लागंल."

"टोचा. पन ह्या खेपंला पिस्ता घालू नका म्हनावं."

दुसऱ्या दिवशी दानीएल कुल्फीच्या गाडीसमोर उभा राहिला. "कानिफनाथ, मीठ न्हाई."

"आरं, मिठाबिगर गार कसं ऱ्हायचं?"

"ऱ्हाईल तेवढंच ऱ्हाऊ दे. आत मानसाचं रक्त हाय."

कानिफनाथचा हात पेटीतच थांबला. मग त्यानं बर्फाचा एकेक खडा फडक्यानं पुसून, चाखून, थर्मासमध्ये घातला. गाडी सुटेपर्यंत तो खिडकीखाली उभा होता.

आठवड्यानं दुसऱ्या रोग्यांच्या नळ्या घेऊन गेलेल्या दानीएलच्या हातात प्रज्ञानं सतरा नंबरचं पाकीट दिलं. पाकीट बंद होतं आणि ते फोडायचा त्याला अधिकार नव्हता. सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवून तो पुण्याहून नगरला आला. त्या प्रवासात त्यानं सगळी पाठ असलेली स्तोत्रं म्हणून संपवली, आणि सुप्यापासून पुन्हा पहिल्यापासून धरली.

हेलन डॉक्टरांनी पाकीट फोडलं, चष्मा लावला, काढला, परत लावला.

"गोळ्यांच्या आधीच्या तपासणीत विषाणू दोन लाखांच्या वर होता. आता मशीनला मोजता येईना इतका कमी आहे."

"मंग पुढचं डोस?" श्रीमंतनं विचारलं.

"सोमवारी तिसरा."

दानीएल बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पाय दुखत होते, एवढंच त्यानं दयाला घरी सांगितलं. पण त्या रात्री तो तीन भाकरी जेवला.

ऑगस्टात सहावा डोस झाला. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला, तेव्हा श्रीमंत डोक्यावर नवे केस घेऊन आणि बगलेत ट्रम्पेट मारून वॉर्डात उगवला. जबड्याखाली हात फिरवला तरी काही लागत नव्हतं. गोळ्या चालू होत्या, दर महिन्याला यायचं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "दम पुरतो का?" त्यानं उत्तर वाजवूनच दिलं. खिडकीतली कबुतरं उडाली, आणि तीन नंबरच्या खाटेवरची छबूबाई म्हणाली, "आगं बया, वरात आली जनू."

तेवढ्यात दानीएल स्टँडवरून परतला. हातात थर्मास होता, पण दवाखान्याचा नव्हे, घरचा. त्यानं झाकण काढून तो श्रीमंतपुढं धरला.

"थंडीत कुल्फी व्हय, मामा?"

"गप खा," दानीएल म्हणाला. "आज म्याच कानिफनाथला सांगितलं, मीठ घाल म्हनून."