मी न पुसलेलं कुंकू

माझ्या लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, मधे कनात. पडद्यावरची बाई नवऱ्याच्या मढ्याशेजारी बांगड्या फोडायला लागली की आमच्याकडच्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मी फार रडले की आई म्हणायची, "चूप राह्य. ते बाई आता घरी जाईन, कुंकू लावीन, भाकर खाईन." सिनेमा म्हणजे दूर मुंबईत कोणीतरी पोटासाठी घेतलेलं सोंग, एवढं मला तेव्हा समजलं.

यंदा चैत्रात सिनेमा आमच्याच घरी आला, तिवशाजवळच्या खेड्यात. नणदेचा मुलगा अकोल्याला मोबाईलवरचे पिक्चर बनवतो. तीन माणसं आणि एक कॅमेरा, एवढीच मंडळी.

"मामी, दोन मिनिटाचं काम हाय. नवरा मेला, बांगड्या फोडाच्या अन् कुंकू पुसाचं."

"मले नाही जमत ते."

"अवं, मामा तं तिथं चहा पिऊन राह्यला. तुह्या पुसण्यानं मरते का तो?"

ओट्यावरून हे म्हणाले, "पुस वं. पाहू तं दे, कशी रडतं तू माह्यासाठी."

सगळे हसले. चार माणसांत मला बोलता येत नाही. मी नुसती मान हलवत राहिले, नाही, नाही. भाचा रागावला नाही. "राहू दे मामी. कॉम्प्युटरवर होऊन जाते."

मला वाटलं, दुसरी बाई घेईल. मग त्यानं मला कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसवून मान इकडेतिकडे वळवायला लावली, हसायला लावलं आणि पेपर मोठ्यानं वाचायला दिला. मी चौथी शिकलेली. मला आजवर कोणी वाच म्हटलं नव्हतं. मी पाऊण तास वाचलं. शेवटी एका कागदावर सही केली. तो तेवढा वाचला नाही, सगळे उभे होते म्हणून.

पोळ्याच्या आधी सुनेनं मोबाईल समोर धरला. त्यात मी होते. माझंच पातळ, माझाच ओटा. मी उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या, तळव्यानं कपाळ पुसलं आणि ओरडले.

"आई, तुमी तं नाही म्हणल्या होत्या ना?" सून म्हणाली.

तशी मी जन्मात रडले नाही. पण रडेन तर तशीच, हे ऐकताक्षणी मला कळलं. मशीनला ते आधीच कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी धामणगावच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्यापर्यंत नुसता तेवढाच तुकडा पोचला होता. फोन ह्यांनी उचलला. पलीकडे आधी रडणं, मग एकदम, "कोण बोलून राह्यलं?"

"मीच बोलून राह्यलो, बाई," हे हसत म्हणाले. "तेरवीले या. जेवण चांगलं ठेवतो."

मी भाच्याला फोन करून म्हटलं, ते काढून टाक.

"मामी, ते माह्याजवळ नाही आता. मुंबईच्या पार्टीनं घेतलं, तुह्या चेहऱ्यासकट. ते पुढचा भाग करून राह्यले."

"काय हाय त्यात?"

"मले काय माहीत? आता कोणाले बोलवाचं कामच नाही. ना तुले, ना मले."

काल सकाळी हे पाठीवर पंप घेऊन फवारणीला निघाले. मी म्हटलं, आज नका जाऊ. वाटलं, थट्टा करतील. ह्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि पंप उतरवला.

"पुढच्या भागात मी हाय का, इचारलं का त्याले?"

मी विचारलं नव्हतं. हे दिवसभर घरीच बसले. आजही वावरात गेले नाहीत.