पंचफुलाबाईंचे मेसेज

रिचार्जचे दर मी वाढवत नाही. हे वाक्य मी दुकानाच्या दारावर रंगवूनच घेणार होतो, पण पेंटरने अक्षरामागे भाव सांगितला आणि माझा उत्साह ओसरला. अमरावतीत गाडगेनगरच्या एका गल्लीत माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. दर वाढले की कंपनी आपल्या काचेच्या इमारतीत सुखाने बसते आणि शिव्या हा योगेश खातो. कोणी म्हणतं मागच्या खेपेला एवढे नव्हते, कोणी म्हणतं दिवस कमी केले, आणि कोणी काहीच न बोलता असं बघतं की त्याच्या पैशातून मी घरी फरशी बसवली आहे. पण या सगळ्यांत जिचा राग सगळ्यात मोठा होता, तिने आवाज म्हणून काढला नाही. ती माझी शेजारीण भावना.

माझ्या दुकानाला लागून भावना ब्लाऊज सेंटर आहे. लहानपणी एका तापात भावनाचे दोन्ही कान गेले. नवरा अनुप छापखान्यात कामाला, त्यालाही ऐकू येत नाही. दोघं हातांनी भांडायला लागले की बघणाऱ्याची मान दुखून येते. गल्लीतल्या बायका आधी तिच्याकडे कापड टाकायला बिचकायच्या, माप सांगायचं कसं म्हणून. मग एकीचा ब्लाऊज असा बसला की तिच्या जावेला रात्रभर झोप आली नाही, आणि तेव्हापासून लग्नसराईत भावनाच्या दारात रांग असते. बोलायचं असलं की ती कापड बेतायच्या टेबलावर निळ्या खडूने लिहिते, समोरच्याने वाचलं की तळहाताने पुसते. मला चार-सहा खुणा येतात, बाकी आमचं शेजारपण त्या खडूवर चालतं.

तिची आई पंचफुलाबाई भातकुलीला राहते, अंगणवाडीत खिचडी शिजवते. या बाईने पन्नाशी उलटल्यावर अक्षरं गिरवली, तीही एका पोरीसाठी. गावच्या विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरायची. ही मागच्या ओळीत जाऊन बसायची, पाटी घेऊन नाही, बटनांचा फोन घेऊन. कोणतं बटन किती वेळा दाबलं की कोणतं अक्षर उमटतं, हे तिने पोरांकडून शिकून घेतलं. भावनाने मध्ये एकदा तिला काचेचा मोठा फोन घेऊन दिला होता. पण जन्मभर कापूस वेचून आणि भांडी घासून बाईंची बोटं अशी चिरली आहेत की काच त्यांना दाद देईना. त्यांनी तो आठ दिवसांत परत आणला आणि म्हणाल्या, हा फोन मले ओळखत नाही.

तर बटनांच्या फोनवरून सकाळी 'उठली का', दुपारी 'जेवली का' आणि संध्याकाळी जे सुचेल ते. शेजारणीची म्हैस व्याली, सरपंचाची मोटर जळली, तुरीला शेंगा धरल्या. काना-मात्रा अंदाजाने, पण मजकूर पक्का. भावना तीन वर्षांची असताना डॉक्टरने सांगितलं होतं, हिच्याशी बोलून उपयोग नाही. आईने बोलणं थांबवलं नाही. पोरगी लग्न होऊन शहरात आली तेव्हा तेच बोलणं या फोनमधून यायला लागलं.

आणि कंपनीने नेमकं तेच बंद पाडलं. आधी मेसेजचे दर वाढवले. मग छोट्या प्लॅनमधून मेसेज काढूनच टाकले. त्या प्लॅनवर आता मोठ्या अक्षरांत 'अमर्याद बोला' असं लिहिलेलं असतं. मेसेज हवे असतील तर इंटरनेटवाला मोठा प्लॅन घ्या, आणि ते इंटरनेट पंचफुलाबाईंच्या फोनमध्ये शिरतच नाही. सुटा मेसेज पाठवला तर बॅलन्स असा उडतो की दोन दिवसांत फोन कोरडा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बाई ऑटो करून थेट माझ्या दुकानात आल्या. संशय अर्थातच माझ्यावर.

"योगेशभाऊ," त्या म्हणाल्या, "मी दोन शब्द लिवले त पैसे कटले, अन् घंटाभर बोलली त फुकट. हे काहून?"

मी प्लॅन समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग माह्या पोरीसंगं मी बोलू कशी?"

 मी म्हटलं, मला फोन करत जा, मी तिला सांगतो. काही दिवस तसं चाललं. त्या मला फोन करायच्या, मी खडूने टेबलावर उतरवायचो. पण आई-लेकीचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून होत नाही. बाई माझ्यापाशी पाऊसपाणी तेवढं सांगायच्या. गुडघा दुखतो हे कधी सांगितलं नाही, आणि भावनाने माझ्यामार्फत काय विचारावं? शेवटी दोघींनी मिस्ड कॉलची खूण ठरवली. भावनाचा फोन कमरेला खोचलेला असतो, वाजला की थरथरतो. एकदा थरथरला तर सगळं ठीक, दोनदा तर मी अमरावतीले येऊन राहिली, म्हणजे निघाले आहे, तीनदा तर असशील तशी निघ. आईच्या सगळ्या बोलण्याच्या तीन थरथरी उरल्या.

तक्रार भावनाने रीतसर केली. आईच्या फोनमधलं कार्ड भावनाच्याच नावावर होतं. कंपनीच्या साइटवर तिने स्पष्ट लिहिलं की मला ऐकू येत नाही, उत्तर लिहून कळवा. कंपनीने काय करावं? फोन केला. तिने तो माझ्याकडे धावत आणला. मी बोललो तर पलीकडची मुलगी म्हणाली, आम्ही फक्त खातेदाराशी बोलतो. मी म्हटलं, बाई, खातेदाराला ऐकू येत नाही हीच तर तक्रार आहे. ती म्हणाली, खातेदाराला फोन द्या. मी दिला. भावनाने कानाला लावला, कारण दुसरं करणार काय. थोड्या वेळाने फोन कटला आणि मेसेज आला: 'ग्राहकाशी संपर्क होऊ शकला नाही. तक्रार बंद करण्यात आली आहे.' म्हणजे मेसेज पाठवता येत होता त्यांना. मी तिथेच एक शिवी हासडली. तिने पुन्हा तक्रार केली, पुन्हा तेच झालं.

मग तो फाल्गुनातला दिवस आला. मी सामान आणायला बडनेऱ्याला गेलो होतो. भावना एका नवरीचा ब्लाऊज शिवत होती, संध्याकाळी हळद होती. कमरेचा फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. थांबला. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिने पाय मशीनवरून काढला, सुई कापडातच राहू दिली आणि उघड्या दुकानातून स्टँडकडे धावली. एसटीत ती उभीच होती म्हणे, बसायला जागा असून. भातकुलीत घरापर्यंत पळत गेली तर आई अंगणात मिरच्या वाळत घालत होती, धडधाकट.

झालं असं होतं की बाईंनी रोजच्यासारखा एकच मिस्ड कॉल द्यायला फोन लावला, तर रिंगऐवजी कंपनीची टेप लागली, तुमचा प्लॅन संपत आला आहे म्हणून. फोन गेलाच नाही असं समजून त्यांनी कापला आणि परत लावला. परत टेप. परत कापला. इकडे मात्र प्रत्येक वेळी रिंग पोचत होती. भावना त्या मिरच्यांच्या कडेला बसली आणि हमसून हमसून रडली. आधी आई जिवंत आहे म्हणून, आणि मग रागाने. नवरीचा ब्लाऊज त्या संध्याकाळी झाला नाही. नवरीच्या आईने गल्लीत उभं राहून भावनाला जे सुनावलं, ते तिला ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळं.

अमरावतीतली ऐकू न येणारी माणसं रविवारी संध्याकाळी वडाळीच्या बागेत जमतात. भावना आणि अनुप कधी चुकवत नाहीत. त्या रविवारी तिथे काय ठरलं मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला टेबलापाशी बोलावलं आणि खडूने लिहिलं, "भाऊ, तू चाल. पण तोंड उघडायचं नाही." माझ्यासारख्या माणसाला ही केवढी शिक्षा आहे, हे माझ्या बायकोला विचारा.

कंपनीचं मोठं दुकान राजापेठेत आहे. थंडगार, गुळगुळीत, आत गेलं की चप्पल काढावीशी वाटते. दारात यंत्र आहे, बटन दाबलं की टोकन मिळतं. आम्ही दार उघडायच्या वेळीच पोचलो. पहिलं टोकन पंचफुलाबाईंनी घेतलं. त्या खास या कामासाठी पांढरं लुगडं नेसून पहिल्या गाडीने आल्या होत्या. मग भावना, अनुप, तिची ब्युटी पार्लरवाली मैत्रीण पायल, आणि वडाळीची सगळी मंडळी. सगळ्या खुर्च्या भरल्या. शेवटचं टोकन माझं.

काउंटरवरच्या मुलीने माइकवरून पुकारलं, टोकन नंबर एक. कोणी उठलं नाही. तिने दोन पुकारला, तीन पुकारला. टोकन हातात धरून सगळे शांत बसलेले. भिंतीवर नंबर दाखवायची पाटी होती, पण तिच्यावर नव्या प्लॅनची जाहिरात फिरत होती. एक हसरी पोरगी कानाला फोन लावून सांगत होती, अमर्याद बोला. काउंटरवाली शेवटच्या नंबरापर्यंत गेली. मी माझं टोकन मांडीखाली दाबलं आणि पंख्याकडे बघितलं. ती परत एकवर आली, या वेळी आवाज वाढवून. पंचफुलाबाईंना सगळं लख्ख ऐकू येत होतं. त्या पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, विहारात बसावं तशा बसल्या होत्या.

मागून आलेली गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली तसा आतून मॅनेजर आला. श्रेयस नावाचा तरुण पोरगा, वागायला नीट. त्याने पहिल्या खुर्चीवरच्या माणसाला विचारलं, सर, आपला नंबर? त्या माणसाने कानाला हात लावून नकाराची खूण केली आणि शेजारणीकडे बोट दाखवलं. शेजारणीनेही तेच केलं. असा तो अख्खी रांग फिरत भावनापाशी पोचला. तोवर त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले होते.

भावना उठली. तिने कंपनीचा तो मेसेज त्याच्यासमोर धरला, संपर्क होऊ शकला नाही वाला. मग पर्समधून निळा खडू काढला आणि कंपनीच्या काळ्याभोर काउंटरवर ठळक अक्षरांत लिहिलं:

"मी आली. आता संपर्क करा."

मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं चोख एकही नव्हतं.

श्रेयसने बोलणारं कोणी आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्याची नजर माझ्यावर आली तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. मग पंचफुलाबाई उठल्या आणि टोकन नंबर एक त्याच्या हातात दिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "मले तुमचं अमर्याद बोलनं नाई पायजे. माही पोरगी आयकत नाई. मले चार अक्षरं धाडू द्या. फुकट नाई मांगून राहिली, पन मले लागते तेवढंच इका."

श्रेयसने काउंटरवरची अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग त्याने नागपूरच्या साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडून विचारणा झाली, ग्राहकाला फोन द्या. तो म्हणाला, "सर, फोनवर नाही होणार. तुम्हाला लिहावं लागेल." हे ऐकून माझा जीव निवला. तासाभराची लिहालिही झाली. तोवर काउंटर अडलेलंच. मागच्या गिऱ्हाइकांनाही आता मजा वाटायला लागली होती, एका आजोबांनी तर आपलं लाइट बिलाचं काम सोडून खुर्ची मागितली. शेवटी नागपूरहून लेखी आलं. पंचफुलाबाईंच्या छोट्या प्लॅनला मेसेज जोडून मिळाले, रांगेतल्या बाकीच्यांच्या घरच्या नंबरांनाही, आणि ज्याने ऐकू येत नाही असं कळवलं आहे, त्याला उत्तर मेसेजनेच द्यायचं असा हुकूम निघाला. श्रेयसने स्वतः खुर्चीवर चढून भिंतीवरची जाहिरात बंद केली आणि पाटीवर नंबर लावले.

पण भावनाचा कागदावर भरवसा नव्हता. तिने आईला खूण केली, पाठव. बाईंनी बटनांचा फोन डोळ्यांजवळ धरला. एकेक बटन दाबत, जीभ दाताखाली धरून त्यांनी लिहायला घेतलं. अख्खं दुकान त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतं. त्यांनी शेवटचं बटन दाबलं, आणि थोड्या वेळाने भावनाचा हात कमरेकडे गेला. तिने फोन काढून वाचला आणि सगळ्यांना दाखवला. 'जेवली का.'

ऐकू न येणारी माणसं टाळ्या वाजवत नाहीत. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन हलवतात. त्या थंडगार दुकानात एकदम सगळे हात वर गेले आणि हलायला लागले. काउंटरवरच्या पोरीचे गेले, श्रेयसचे गेले, माझे गेले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

पंधरवड्याने माझ्या रिचार्जच्या ॲपमध्ये एक नवा छोटासा पॅक दिसला, नुसत्या मेसेजचा. कंपनीने तो सगळ्यांसाठीच काढला होता. पहिला मी पंचफुलाबाईंना टाकला आणि गल्लीत पेढे वाटले. या धंद्यात इतक्या वर्षांत दराची गोष्ट सांगून शिवी न खाल्लेला तो माझा पहिला दिवस.

आता भावनाच्या कमरेला दिवसभर थरथर असते. म्हैस, मोटर, तुरी, अंगणवाडीतली नवी बाई, आणि हल्ली गुडघासुद्धा. काल लग्नाचं काम अंगावर असताना ती वैतागली, मला बोलावून टेबलावर खडूने लिहिलं, "आई लई बोलते." मी हसलो. तितक्यात परत फोन थरथरला. 'आयकून राहिली का', आईने विचारलं होतं. भावनाने मशीन थांबवलं, हातातलं कापड बाजूला ठेवलं आणि उत्तर लिहिलं.

'हो आई. आयकून राहिली.'