पाचवा बार

दुष्काळाच्या त्या दुसऱ्या उन्हाळ्यात माझी श्रद्धा पार आटून गेली होती. घनसावंगीकडच्या आमच्या टेकाडावर आम्ही बावीस लहान शेतकऱ्यांनी मोसंबीची सहकारी सोसायटी उभी केली होती. कुणाचा एकर, कुणाचे दोन. लेकरांसारखी वाढवलेली झाडं डोळ्यांदेखत वाळत होती. ऐकणारं कुणी आहेच कुठं, असं मला वाटू लागलं होतं.

शेवटी सगळ्यांनी मिळून सोसायटीची विहीर खोल करायला घेतली. तळाला काळा खडक, त्यात सुरुंग लावायचे. मी सेक्रेटरी, म्हणून बार मोजायचं काम माझ्याकडे. खाली उतरायचा तो किसन, आमच्यातलाच सभासद, दीड एकर बागेचा धनी.

त्या दुपारी पाच वाती पेटवून किसन वर आला. आम्ही लांब जाऊन बसलो. बार झाले, मी बोटांवर मोजले. धूर निवळल्यावर किसन काठावर जाऊन कमरेला दोर बांधू लागला.

“सेक्रेटरी, बराबर मोजले ना?”

“बिलकुल पाच. उतर बिनघोर.”

तेवढ्यात पायवाटेनं एक धनगराची म्हातारी आली. डोक्यावर सरपणाचा भारा होता.

“बाबा, एवढा भारा उतरून द्या. मान मोडून राह्यली.”

मी वैतागलो. “आजी, काम चालू हाय. जरा थांबा.”

पण किसननं दोर सोडला आणि तो तिच्याकडे गेला. त्यानं भारा खाली ठेवला न ठेवला, तोच विहिरीत आणखी एक बार उडाला. धोंडे काठावर येऊन आदळले.

समोरच्या टेकडीवरून परतलेला आवाज मी पाचवा बार म्हणून मोजला होता. माझे कान बधिर झाले होते, आणि तोंड मात्र “पाच, पाच” असं पुटपुटत होतं. भानावर आल्यावर मी म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती संकोचून मागे सरली.

“माझ्या कशाला पाया पडता? भारा जड झाल्ता म्हणून थांबले मी.”

पाणी पिऊन ती तिच्या वाटेनं गेली.

दिवस मावळताना मी किसनच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला म्हणालो, “वहिनी, मोजताना मी चुकलो. आज किसन गेला असता.” तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली.

“जेवा भाऊ. तुमच्याबी पोटात सकाळपासून काही न्हाई.”

मी भाकरी कपाळाला लावली आणि पहिला घास मोडला.

पुढं विहिरीला थोडं पाणी लागलं. निम्म्या बागा जगल्या, निम्म्या गेल्या, माझी गेली. त्याचं दुःख झालं, पण तक्रार करावीशी वाटली नाही. मी पुऱ्या खात्रीनं एका माणसाला मरणाकडे धाडत होतो, आणि कुणीतरी त्याला सरपणाच्या भाऱ्यापाशी थांबवलं. कुणी, हे मी विचारत नाही. हात जोडतो, आणि माझी खात्री त्याच्या पायाशी ठेवतो.